महाग सिगार कडू का लागली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडूंनी जानेवारीत दुबईहून दोन कोहिबा रोबुस्टो आणल्या, म्हणजे क्यूबाच्या कोहिबा या नावाच्या, आखूड-जाड आकाराच्या सिगार. त्यातली एक तुम्ही मे महिन्यात, मुलीच्या बारावीच्या निकालाच्या संध्याकाळी पेटवली. त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर तुमची नेहमीची निकाराग्वाची टोरो (रोबुस्टोहून थोड्या लांब आकाराची सिगार) ओढून झाली होती. कोहिबा एका बाजूने जळत गेली, वरचं पान तडकलं, अर्ध्यावर येईपर्यंत तोंड कडूजहर झालं आणि तुम्ही ती टाकून दिली. दुपारची मात्र शेवटपर्यंत छान लागली होती, आणि तिची किंमत कोहिबाच्या आठव्या हिश्श्याइतकी. म्हणून तुम्ही विचारता की माझी जीभ अजून तयार नाही, की महाग सिगार म्हणजे नुसतं नाव? आणि जाता जाता तिसरा प्रश्न, की महाग सिगार शुद्ध तंबाखूची असते तर ती कमी अपायकारक असेल ना?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जर-तर काही नाही. महाग सिगार कमी अपायकारक नसते. चांगल्या सिगारमध्ये कागद नसतो, रसायनांचा वास दिलेला नसतो, हे खरं. पण तंबाखूचं पान कितीही निवडक असलं तरी ते जळल्यावर जो धूर होतो तो धूरच असतो. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असतो. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाचशेच्या सिगारने होतो तसाच पाच हजारांच्या सिगारने होतो. मी हा माल विकून पोट भरतो, म्हणूनच हे स्पष्ट सांगणं माझं काम आहे. तुम्ही आठवड्याला एक ओढता म्हणता. ती एकाची दोन होऊ देऊ नका, आणि एका दिवसात दोन तर नकोतच. चवीच्या दृष्टीनेही नकोत, त्याबद्दल पुढे बोलतोच.

आता मूळ गोष्ट. मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत मालाची प्रत ठरवायचं काम करत. वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळत, पाखडत, काड्या वेगळ्या करत. शाळेतून येताना त्या गल्लीत शिरलं की ठसका लागायचा. तो सगळा विडीचा आणि जर्द्याचा माल. पुढे दुबईला आलो आणि गेली बावीस वर्षं सिगारच्या दुकानात आहे. आधी काउंटरवर होतो, आता खरेदी आणि साठवण बघतो. या बावीस वर्षांत तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेले लोक मी खूप पाहिले, आणि बहुतेकांची जीभ अगदी ठीक होती.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकात एक अडकलेत. जास्तीचा पैसा सिगारमध्ये नेमका कुठे जातो, हा एक. आणि त्या संध्याकाळी तुमच्या हातात होती ती वस्तू, कारखान्यातून निघाली होती तशीच होती का, हा दुसरा. दुसरा आधी सोडवू, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

तुम्ही लिहिलंत की सिगार झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून कपाटात ठेवल्या होत्या. जानेवारी ते मे. पुण्यात! एप्रिलच्या दुपारी तिथली हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर येते, कधी त्याहूनही खाली. सिगारला लागते पासष्ट ते सत्तर. साधी पिशवी ओल काही दिवस धरून ठेवते, चार महिने नाही. तुमची कोहिबा सुकली होती. सुकलेल्या सिगारची लक्षणं तुम्ही स्वतःच लिहिली आहेत: वरचं पान तडकणं, वाकडं जळणं, धूर गरम आणि कडू लागणं. ओल कमी झाली की पान भराभर पेटतं, आच वाढते, आणि ज्या तेलकट, सुगंधी अंशासाठी आपण पैसे मोजतो तो हळूहळू जळण्याऐवजी करपतो. भाकरी मंद आचेवर भाजली तर गोड लागते आणि जाळावर धरली तर काळी पडते, तसंच.

तुमची टोरो मात्र तुम्ही दर पंधरा दिवसांनी दुकानातून ताजी आणता. म्हणजे तुलना कोहिबा आणि टोरो यांची झालीच नाही. सुकलेली सिगार आणि ओली सिगार यांची झाली. त्यात ओली जिंकणार, मग तिच्यावर कुठलंही कडं (नावाची कागदी पट्टी) असो.

दुसरी गोष्ट क्रमाची. निकाराग्वाच्या बहुतेक सिगार मिरमिरीत, अंगाने जड असतात. तिथल्या एस्तेली भागातला तंबाखू तर तिखटपणासाठीच ओळखला जातो. अशी सिगार दुपारी तासभर ओढल्यावर संध्याकाळपर्यंत जीभ आणि टाळू बधिर असतात. त्यावर क्यूबाची सिगार, जिची खासियत बारीक सुगंधात असते, ती काय बोलणार? कोल्हापुरी रश्श्यावर लगेच वरण-भात खाल्ला तर वरण आळणीच लागतं. त्यात वरणाचा दोष नाही.

तिसरी गोष्ट विचारावी लागते म्हणून विचारतो: साडूंनी ती विमानतळावरच्या किंवा अधिकृत दुकानातून घेतली, की कुणी ‘ओळखीतून स्वस्तात’ दिली? जगात सगळ्यात जास्त नकली निघतात त्या कोहिबाच्याच. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली तर ती नकली समजा, क्यूबाचा कारखाना तशी पेटी बनवत नाही. सुट्या सिगारचं कडं नीट बघा: पांढरे चौकोन एकसारखे आणि ओळीत हवेत, सोनेरी अक्षरं उठावदार हवीत. अस्सल पेटीला होलोग्रामची मोहोर असते आणि तळाशी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. तुमच्याकडे पेटी नाही, म्हणून बिल बघा. बिल असेल तर हा मुद्दा इथेच सोडून द्या.

एवढं बाजूला ठेवलं तरी एक शक्यता उरते. सिगार हाताने वळलेली असते, आणि हाताच्या कामात शंभरात दोन-चार बिघडतात. आत पानं जास्त दाबली गेली की ओढ बसत नाही, म्हणजे धूर नीट ओढला जात नाही, कुठे पोकळी राहिली की तिथून भरभर जळते. चांगले कारखाने वरचं पान लावण्याआधी यंत्रावर ओढ तपासतात, तरीही एखादी सुटते. महाग सिगारमध्ये असं कमी होतं, पण होतच नाही असं छातीवर हात ठेवून कुणीही सांगू शकणार नाही. म्हणून एका सिगारवरून कुठल्याही नावाबद्दल मत बनवू नये. मी स्वतः नवा माल घेताना किमान तीन ओढून बघतो, आणि त्याही वेगवेगळ्या आठवड्यांत.

आता पैसा कुठे जातो ते बघू.

सिगारचे तीन भाग असतात. पोटात फिलर, त्याला धरून ठेवणारं बाइंडर आणि सगळ्यात वर रॅपर. किमतीतला पहिला आणि सगळ्यात खरा फरक पोटात असतो. लाँग फिलर म्हणजे आख्खी पानं, सिगारच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीत घातलेली. शॉर्ट फिलर म्हणजे तुकडे आणि चुरा, बहुतेक वेळा लाँग फिलर कापताना राहिलेला. आपल्या विडीत असतो तसा बारीक माल, फक्त तेंदूच्या पानाऐवजी तंबाखूच्याच पानात. शॉर्ट फिलर जास्त गरम जळतो, त्याची राख लवकर पडते, कधी तोंडात कण येतात, आणि चव सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकच राहते. लाँग फिलरमध्ये चव बदलत जाते, कारण प्रत्येक पान वेगळ्या वेगाने जळतं.

त्या पानांतही भेद आहे. रोपाच्या तळाची पानं म्हणजे वोलादो: चव सौम्य, पण चांगली जळतात. मधली सेको, सुगंधासाठी. वरची लिहेरो, जी उन्हात सगळ्यात जास्त राहतात, जाड आणि तेलकट होतात आणि जोर देतात. लिहेरो हळू जळतं म्हणून वळणारा ते बरोबर मधोमध ठेवतो. बाजूला सरकलं तर सिगार वाकडी जळते. अगदी शेंड्याची दोन छोटी पानं म्हणजे मेदियो तिएम्पो, आणि ती प्रत्येक रोपाला येतही नाहीत. कोहिबाने २०१० मध्ये बेहिके नावाची मालिका काढली ती या पानांवर. तिची किंमत इतकी का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे: ते पान मुळात थोडंच पिकतं.

वरच्या पानाला तर एवढं जपतात की निपाणीच्या माणसाला ते आधी पटत नाही. क्यूबात रॅपरची रोपं कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे पान पातळ, मोठं आणि शिरांनी नाजूक होतं. इक्वाडोरमध्ये ढगच इतके असतात की मांडवाची गरज कमी पडते. मग त्या पानावर डाग नको, भोक नको, शिर जाड नको, आणि एका पेटीतल्या सगळ्या सिगारचा रंग जवळजवळ एक हवा. त्यासाठी पानं रंगानुसार निवडणारी माणसं वेगळी असतात. माझे वडील पान चिमटीत धरून, कुरवाळून, हुंगून प्रत सांगत. तोच हात, तेच नाक तिथेही लागतं. चव म्हणून बघितलं तर रॅपरवरचा एक छोटा डाग काहीच बिघडवत नाही. पण त्या डागामुळे पान खालच्या प्रतीत जातं, आणि तुमच्या टोरोसारख्या रोजच्या सिगारमध्ये अनेकदा असंच पान येतं. बंडलमध्ये येणाऱ्या, साध्या कागदात गुंडाळलेल्या सिगारमधल्या काही मला मनापासून आवडतात त्या यामुळे: दिसायला साध्या, आतून चोख.

नंतर वेळ. तंबाखू सुकवल्यावर त्याचे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता चढते, पान आंबतं, त्यातला अमोनिया निघून जातो. ठरावीक तापमान झालं की ढीग मोडून पुन्हा रचायचा. कोहिबासाठी काही पानं पिंपात तिसऱ्यांदा आंबवतात. त्यानंतर गासड्या बांधून वर्षानुवर्षं ठेवायच्या. घाई केली की सिगारला अमोनियाचा उग्र वास येतो आणि घशात खवखवतं. वेळ म्हणजे अडकलेलं भांडवल, आणि ते किमतीत येतं. इथे पैसे खरोखर चवीत उतरतात, असं मी ठामपणे म्हणेन.

मजुरी हा आणखी एक भाग. एक कसलेला वळणारा दिवसाला साधारण शंभराच्या आसपास सिगार वळतो, आकार अवघड असेल तर त्याहून कमी. यंत्रावर केलेल्या स्वस्त सिगारमध्ये ही मजुरीच नसते, आणि बाइंडर तर कित्येकदा तंबाखूच्या भुकटीचा लगदा करून लाटलेला असतो. अशा सिगारपासून मी लांब राहायला सांगतो. स्वस्त हवी तर हाताने वळलेली घ्या, तशा मिळतात. क्यूबाचीच होसे एल. पिएद्रा बघा: शॉर्ट फिलर आहे, पण हाताने वळलेली आहे आणि किंमत कोहिबाच्या आसपासही नाही. आणि आपल्या देशात त्रिचीचा चिरूट आहेच. हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, म्हणजे गुंडाळलेलं. त्रिचीजवळच्या उरैयूर भागात तो अजूनही वळतात. रांगडा, उग्र, पण त्याला त्याची स्वतःची चव आहे, आणि त्याची कोहिबाशी तुलना करणं दोघांवरही अन्याय आहे.

यानंतर जे येतं त्याचा चवीशी संबंध नाही: कर, वाहतूक, नाव, दुर्मीळपणा. भारतात आयात सिगारवर शुल्क आणि कर इतके आहेत की पुण्यातला भाव आणि हवानातला भाव यांची सांगड घालण्यात अर्थ नाही. दुर्मीळपणाचं एक उदाहरण सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्यूबाच्या दोन सिगार-नावांच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, हाँगकाँगच्या दराच्या जवळ. अनेक बाजारांत त्या दुपटीच्या पुढे गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इयन चक्रीवादळ पिनार देल रियोवर आदळलं. क्यूबाचा सगळ्यात चांगला तंबाखू त्याच प्रांतात होतो, आणि पानं सुकवायची हजारो घरं तिथे पडली. माल आणखी आटला. आता विचार करा: किंमत बदलण्याच्या आदल्या दिवशी माझ्या कपाटात असलेली रोबुस्टो आणि दुसऱ्या दिवशी तीच रोबुस्टो. पान तेच, वळणारा तोच, पेटी तीच. फक्त लेबल दुप्पट. ते वरचे पैसे कुणाच्याही जिभेवर उतरणार नव्हते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण माझ्याकडे दर दिवाळीला एकच कोहिबा घ्यायला येणारा एक ड्रायव्हर होता, तो त्या वर्षीपासून यायचा थांबला.

म्हणून ‘महाग’ आणि ‘रोजची’ अशी दोन टोकं समोरासमोर ठेवली तर उत्तर सापडत नाही. दोन टोकांमध्ये देश बदलतो, आकार बदलतो, तंबाखू बदलतो, साठवण बदलते. किमतीने काय फरक पडतो हे कळायचं असेल तर बाकीचं सगळं शक्य तितकं सारखं ठेवा. यासाठी मी नेहमी एक जोडी सुचवतो: पाद्रोन २००० आणि पाद्रोन १९६४ अ‍ॅनिव्हर्सरीमधली एक्सक्लूसिव्हो.

हे पाद्रोन घराणं मूळचं क्यूबाचं. १९६४ मध्ये त्यांनी मायामीत काम सुरू केलं, पुढे निकाराग्वाच्या एस्तेलीत कारखाना उभा केला. २००० ही त्यांची रोजची सिगार: लांबी पाच इंच, जाडी ५०. १९६४ ही मालिका कंपनीला तीस वर्षं झाली तेव्हा, १९९४ मध्ये आली. एक्सक्लूसिव्हो साडेपाच इंच, जाडी तीच ५०. जाडीचा हा आकडा म्हणजे एका इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले किती, म्हणजे ५० साधारण वीस मिलिमीटर. दोन्ही सिगार शंभर टक्के निकाराग्वाच्या, दोन्ही उन्हात वाढवलेल्या पानाच्या, घराणं एक. फरक असा की साध्या मालिकेतला तंबाखू किमान अडीच वर्षं मुरवलेला, १९६४ मधला चार वर्षं, आणि १९६४ दाबून चौकोनी केलेली. किंमत दुप्पट ते अडीचपट.

ही जोडी मी शेकडो लोकांना ओढायला दिली आहे. २००० मध्ये कोको, कॉफी, थोडी मिरी, आणि मातकट खरखरीतपणा. १९६४ मध्ये तीच कोको आणि कॉफी, पण कडा गुळगुळीत, घशात काही टोचत नाही, आणि मध्यावर सुकामेव्यासारखी एक गोडी येते. फरक आहे, आणि बहुतेकांना तो कळतो. अडीचपट चांगली आहे का? माझं उत्तर नाही. तीस-चाळीस टक्के चांगली म्हणेन, आणि ते तीस-चाळीस टक्के महत्त्वाचे वाटतात त्या दिवशी ते पैसे योग्य आहेत. दर शनिवारी मात्र मी स्वतः २०००च घेतो.

दुकान बंद झाल्यावर आम्ही सहकारी अधूनमधून डोळे झाकून चाचणी करतो. कडी काढून टाकायची, एकाने कागदावर आकडे लिहायचे, बाकीच्यांनी ओढून मत द्यायचं. इतक्या वर्षांत जे दिसलं ते असं: शॉर्ट फिलर आणि लाँग फिलर यांत चूक जवळजवळ कुणीच करत नाही. नीट न मुरलेला तंबाखू आणि चांगला मुरलेला, यातही बहुतेकदा बरोबर उत्तर येतं. पण चांगली मधल्या किमतीची लाँग फिलर आणि तिच्या तिप्पट-चौपट किमतीची सिगार समोर आली की मतं फुटतात. एकदा मी स्वतः तिथल्या सगळ्यात महाग सिगारला तिसरा क्रमांक दिला आणि पहिला दिला तो एका बंडलमधल्या सिगारला. तेव्हापासून ग्राहकाला ‘ही महाग आहे म्हणून घ्या’ असं मी कधीच म्हटलं नाही.

इथवरचं थोडक्यात: सगळ्यात स्वस्तातून मधल्या भावात जाताना प्रत्येक रुपया जिभेला कळतो, कारण चुऱ्याच्या जागी आख्खं पान येतं, घाईच्या जागी वेळ येतो. मधल्यातून वरच्यात जाताना थोडं कळतं आणि बरंचसं रॅपरच्या रूपात डोळ्यांना कळतं. त्याच्या वर गेलात की दुर्मीळपणा आणि नाव. नावाला पैसे देणं गैर नाही, मुलीच्या निकालाला नाव असलेली सिगार पेटवावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फक्त ते पैसे कशाचे आहेत हे माहीत असावं, म्हणजे चव जुळली नाही तर माणूस स्वतःच्या जिभेला दोष देत बसत नाही.

आवडीचाही भाग आहे, तो मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. तुम्हाला निकाराग्वाचा तिखटपणा आवडतो हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तसं असेल तर अगदी नीट ठेवलेली कोहिबासुद्धा तुम्हाला मवाळ वाटू शकेल. ती गवत, मध, भाजलेलं धान्य, चामडं अशा चवींची सिगार आहे. ज्यांना कडक चहा लागतो त्यांना दार्जिलिंग पाणचट वाटतो, आणि ते त्यांचं चुकत नाही.

तुमच्याकडे दुसरी कोहिबा शिल्लक आहे. आता तिचं काय करायचं ते सांगतो.

ती आज ओढू नका. हवाबंद झाकणाचा, रबराची कड असलेला स्वयंपाकघरातला डबा घ्या. नवा, कुठलाही वास नसलेला. मसाल्याचा जुना डबा धुऊनही चालणार नाही. त्यात ओल राखणारं ६५ टक्क्यांचं पाउच टाका, ही ऑनलाइन मिळतात. ओला कापूस किंवा सफरचंदाची फोड ठेवू नका, पान एकदम फुगतं, तडकतं आणि बुरशी धरतं. छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवलात तर उत्तम, पण आधी तो तपासा: बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यात थेंबभर पाणी घाला, चिखलासारखं झालं पाहिजे, आणि मापकासह झिपच्या पिशवीत आठ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवं. जितकं कमी-जास्त दाखवेल तितकी चूक लक्षात ठेवा. डबा बेडरूमच्या कपाटात, घरातल्या सगळ्यात थंड जागी. पंचवीस अंशांच्या वर फार काळ राहिलं तर तंबाखूत किड्यांची अंडी फुटू शकतात; रॅपरवर टाचणीएवढी भोकं दिसली तर तेच. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे हवा कोरडी असते आणि भाजीचा वास लागतो.

सुकलेली सिगार परत आणायला घाई चालत नाही. किमान सहा आठवडे द्या, दोन महिने दिले तर चांगलं. हलक्या हाताने चिमटीत धरल्यावर कुरकुर आवाज न येता ती किंचित दबली आणि पुन्हा उठली, की झाली. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: ओल परत येते, उडालेला सुगंध पूर्ण परत येत नाही. तरी तुम्हाला त्या सिगारचा बराचसा खरा चेहरा दिसेल. आत्ता जून लागतोय, पुढे पावसात उलटा त्रास होईल: पुण्याची हवा ऐंशीच्या वर जाते आणि बाहेर राहिलेली सिगार फुगते, ओढ बसत नाही, सारखी विझते. डबा आणि पाउच दोन्ही ऋतूंत काम करतं, म्हणून हे एकदाच करून ठेवा. तुमची टोरोही त्यातच ठेवा, पण वेगळ्या पिशवीत, म्हणजे वास मिसळणार नाही.

ओढायची त्या दिवशी दुसरी सिगार नको. हलकं जेवण, मग अर्धा तास जाऊ द्या, बरोबर साधं पाणी, फार तर बिनदुधाची कॉफी. तोंडात धरायच्या टोकावरची टोपी (तिथे चिकटवलेला पानाचा गोल तुकडा) थोडीशीच कापा, टोक गोलाई संपून सरळ होतं त्या खांद्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर रॅपर सुटत जातं. पेटवताना ज्वाळा पानाला टेकवू नका. थोडं अंतर ठेवून सिगार फिरवत आधी कडा भाजून घ्या आणि मगच पहिला झुरका. मग मिनिटाला एकच झुरका, त्याहून भरभर नाही. तुमची टोरो घाईत ओढली तरी सहन करते, ही करणार नाही. धूर तोंडातच ठेवून सोडा. शेवटच्या तिसऱ्या भागात कडूपणा वाढला तर ठेवून द्या. पैसे दिलेत म्हणून बुडापर्यंत ओढायचं बंधन नाही.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत, तुमची टोरो. जमलं तर दोन्ही वेळा कुणाला तरी कडं आधी काढून ठेवायला सांगा. एका कागदावर चारच गोष्टी लिहा: ओढ कशी होती, कितीदा विझली, मध्यावर चव बदलली का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला काय लागलं. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, आणि नीट मुरलेला तंबाखू मला सगळ्यात लवकर तिथेच ओळखू येतो. कागद भरलात की इथे लिहा, मी वाट बघतो. साडूंकडचं बिल सापडलं तर त्यावर कोणतं दुकान आहे तेही कळवा.